साक्षीतला बाप

उकंडाभाऊंनी दारू सोडल्याबद्दल त्यांचं पहिलं अभिनंदन नेरच्या एका बाईंनी केलं. भाऊंना ते नीट स्वीकारताही आलं नाही, कारण त्यांनी ती कधी धरलीच नव्हती.

बाई पुतणीच्या लग्नाला केळापूरला आल्या होत्या. चर्चसमोरच्या मांडवात भाऊ वाढायला होते, हातात वरणाची बादली. बाईंनी द्रोण पुढं केला, भाऊंच्या तोंडाकडं पाहिलं, द्रोण खाली ठेवला आणि त्यांचं मनगटच धरलं.

"तुमी सुनीलभाऊचे वडील ना? तोंडावरून काही वाटत नाही बाप्पा."

"काय वाटत नाही?"

"मागचं. पुरी सुटली ना आता?"

"काय सुटली?"

बाईंनी डोळे मिटून मान हलवली आणि शेजारणीला म्हणाल्या, "पाय, नाव बी घेत नाहीत. सुटते तं अशी सुटते."

वरण थंड होत होतं. भाऊ पुढच्या पानावर गेले. सुनील नावाचा दुसरा कुणी असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण त्याच आठवड्यात पांढरकवड्याच्या बाजारात आर्णीचा एक टेम्पोवाला भेटला. तोही चर्चला जाणाराच. त्यानं भाऊंना बाजूला घेतलं, चहा पाजला आणि खालच्या आवाजात विचारलं, "काका, तुमी सोडली कशी? माह्या बुढ्यानं लय वेळा शपथ घेतली. पन संध्याकाळ झाली का पाय तिकडंच वळते."

भाऊ म्हणणार होते की बाबा रे, मी खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन मगच पितो. पण त्या माणसाचे डोळे असे काही लागले होते की खरं सांगितलं असतं तर त्याच्या म्हाताऱ्याची उरलीसुरली आशा गेली असती. "देवाची कृपा," ते पुटपुटले. टेम्पोवाल्यानं भर बाजारात त्यांचे पाय धरले. घरी येताना भाऊंना जन्मात पहिल्यांदा, काही न पिता, थोडं गरगरल्यासारखं झालं.

उकंडाभाऊ म्हणजे केळापूरच्या त्या टिनाच्या चर्चमधला सगळ्यात कोरडा माणूस. उमेदीची वर्षं राजूरच्या कोळशाच्या खाणीत गेली. रिटायर झाल्यावर ते बायकोच्या माहेरी, केळापूरला, येऊन राहिले. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, तेच नाव झालं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी बायबलमधलं ईयोब हे नाव सुचवलं होतं, तोही राखेतच बसलेला. भाऊ म्हणाले, उकिरड्यावरून राखेत जाण्यात काही फायदा दिसत नाही, राहू द्या आहे ते.

चर्चच्या मंडळीच्या पंचांत ते होतेच, पण त्यांचा जीव अडकला होता तो दुसऱ्या कामात. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, त्याच्या प्याल्यातला द्राक्षरस इकडं मनुकांचा असतो. आदल्या दिवशी काळ्या मनुका धुवायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, पहाटे कुस्करून फडक्यातून गाळायच्या आणि एक उकळी द्यायची, म्हणजे आंबल्याचा संशय नको. हे काम आधी इंदूबाई करायच्या, भाऊंची बायको. त्या गेल्या आणि कल्हईचं पातेलं आणि फडकं भाऊंकडं आलं. एकदा ऐन उन्हाळ्यात रसाला किंचित वास आला, तर भाऊंनी सगळा निंबाच्या बुडाशी ओतला आणि पाळकांना प्रभुभोजन पुढं ढकलावं लागलं. घरात इंदूबाईंचं म्हणून आता एवढंच चालू होतं. तिचं पातेलं, तिचं फडकं, तिची उकळी.

सुनील त्यांचा एकुलता एक मुलगा. सून साधना नर्स, आणि नात दीपा, जी सध्या शाळेत सगळ्यांना सांगत होती की आपल्या घराजवळ पाणघोडा असणार आहे. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे. तिथं एका तळ्याकाठच्या मिशन दवाखान्यात साधनाची नेमणूक झाली होती आणि शेजारच्या मंडळीत प्रचारक म्हणून सुनीलची. पाठवणारी संस्था नागपूरची. संस्थेचा नियम असा की मिशनरीनं आपला आधार आपणच उभा करायचा. गावोगावच्या चर्चमध्ये जायचं, फोटो दाखवायचे, साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगायचं, आणि लोक दरमहा काय देणार ते कार्डावर लिहून देणार. कार्डं पुरी झाली की तिकीट. एके काळी गोरे साहेब त्यांच्या गावी यवतमाळचे फोटो दाखवून आधार गोळा करायचे. आता यवतमाळचे लोक नेरला मलावीचे फोटो दाखवतात. प्रगती यालाच म्हणत असावेत.

बाजारातून भाऊ आले ते सरळ स्वयंपाकघरात. साधना सुपात तूर निवडत होती.

"साधना, मी कवा पेलो वं?"

सुपातला हात थांबला. ती आधी हसली, मग तिनं हसू आवरलं, आणि मग निवडून झालेली तूर पुन्हा निवडायला घेतली.

"बाबा, ते साक्षीत आहे."

"कोनाच्या?"

"यांच्या."

हळूहळू सगळं बाहेर आलं. संस्थेच्या शिबिरात शिकवलं होतं की साक्षीचे तीन भाग असतात. आधी, भेट आणि नंतर. आधी अंधार, मग प्रभूची भेट, नंतर उजेड. सुनीलची अडचण अशी की त्याला 'आधी'च नव्हतं. पाळण्यातून उतरला तो रविवारच्या शाळेत. बिडी नाही, भांडण नाही. आठवीत एकदा कॉपी करायचं ठरवलं होतं, पण चिठ्ठी घरीच विसरला. राजूरला तो जे होतं तेच बोलला. लोकांनी फोटो पाहिले, चहा पाजला, पाठ थोपटली आणि कार्डं कोरी परत दिली. त्यानंतर नेर. तिथं त्यानं सुरुवात केली, "माझे वडील कोळशाच्या खाणीत होते," आणि पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "अरेरे."

"निस्तं अरेरे?"

"एवढंच. मग हे जरा गप्प राहिले. त्या गप्प राहण्यातच बायका रडायला लागल्या, बाबा. यांनी काही सांगितलंच नव्हतं. 'संध्याकाळ झाली की मी आणि आई दाराकडं पाहत बसायचो,' एवढंच म्हणाले."

"ते तं खरंच हाय. मी येताना जिलबी आनत जावो."

"हो. पण लोकांनी जिलबी नाही धरली."

नेरला कार्डं भरून आली. मग दारव्ह्याला साक्षीत बाटली आली. दिग्रसला ती फुटली. आर्णीला तर लोक सुनीलला निघूच देईनात.

"फुटली तं फुटली," भाऊ म्हणाले. "कुठं फुटली?"

साधनानं सूप पाखडायला घेतलं.

"कुठं फुटली वं?"

"आईंच्या डोक्यावर."

भाऊ उंबऱ्यात बसले. बाहेर कोंबडीनं उगाचच अंगणाला एक चक्कर मारली.

"दारूचं ठीक हाय," ते म्हणाले. "खाणीतल्या मानसाले दारू चिकटवली तं लोकं म्हनतीन, असंन. पन इंदूच्या डोक्याले मी कवा हात लावला? तेल लावाले लावला असंन."

"मी यांना सांगितलं होतं, बाबा. पहिल्यांदा. मग कार्डं भरत गेली तशी मीही गप्प बसले."

सुनील संध्याकाळी आला. प्रोजेक्टर खांद्यावरून उतरवायच्या आधीच त्याला घरातली हवा कळली. तो बापासमोर बसला आणि आपल्या चपलांकडं पाहत राहिला.

"रविवारी इथं तसं नाही बोलणार, बाबा. साधंच बोलतो. थोडाच आधार राहिलाय."

"आनि बाकी गावाइले काय सांगशीन?"

"आता काय सांगू? कार्डं मागं घेतील. तिकडं दवाखान्यात नर्स नाही, बाबा. बाळंतपणं होऊन राहिली, बिना नर्सची. बाया दगावतात."

हे खरं होतं, आणि तीच पंचाईत होती. सगळंच खोटं असतं तर भाऊंना रागावणं सोपं गेलं असतं.

"तुह्या मायनं तुह्यं काय बिघडवलं होतं रे?" एवढंच ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. केळापूरच्या मंडळीचा गोऱ्या साहेबांच्या वेळेपासूनचा दंडक होता की ज्याला व्यसनाचा डाग आहे त्यानं प्रभुभोजनाच्या भांड्याला हात लावायचा नाही, आणि पंचांची खात्री पटेपर्यंत प्यालाही घ्यायचा नाही. भाऊंना तो दंडक तोंडपाठ होता. गेल्या वर्षी दारू पिणाऱ्या गोविंदाला तो त्यांनीच लावला होता, आणि गोविंदा रडला तेव्हा नियम म्हणजे नियम असंही त्यांनीच सांगितलं होतं. सुनीलची साक्ष इथपर्यंत पोचली की इंदूचं पातेलं घरातून गेलं.

रविवारी चर्च भरलं होतं. सुनील खरोखरच साधं बोलला. तळं, दवाखाना, मुलं. लोकांनी मान डोलावली आणि दोघांनी जांभया दिल्या. पहिल्या बाकावर संस्थेचे विदर्भाचे सचिव धावजी राठोड अस्वस्थ झाले. धावजी मनानं फार चांगले गृहस्थ, रडायला कधी मागं न हटणारे. दिग्रसच्या साक्षीला त्यांचा रुमाल भिजला होता, म्हणून आज ते दोन घेऊन आले होते. ते उठले.

"सुनीलभाऊ संकोच करून राहिले. वडील समोर बसलेत ना. पण मंडळी, ज्या माणसाला प्रभूनं बाटलीतून बाहेर काढलं, बायकोचं रक्त पाहिलेल्या ज्या हातांना प्रभूनं धुतलं, तो माणूस आज तुमच्यात आहे. उकंडाभाऊ, तुम्हीच या पुढं."

टिनावरून खार पळाली ते सगळ्यांनी ऐकलं. पंच किसनरावांनी चष्मा काढून पुसला. हा माणूस केळापूरला आला तो म्हातारपणी, राजूरची वर्षं इथं कुणी पाहिली होती? राजूरला जाऊन विचारता आलं असतं, पण त्यासाठी बस बदलावी लागते, आणि एवढं करून कळणार काय, तर तसं काही झालं नव्हतं. तेवढ्यासाठी कोण जातं.

भाऊ उठले. सुनीलकडं त्यांनी पाहिलं नाही. साधना मांडीवर हात ठेवून बसली होती, तिच्या हातांकडं पाहिलं. त्या हातांची कुठल्यातरी तळ्याकाठी कुणीतरी वाट पाहत होतं.

"दारू," भाऊ म्हणाले आणि थांबले. या विषयावर त्यांच्याजवळ काहीच सामग्री नव्हती. "दारू वाईट असते."

"आमेन," धावजी म्हणाले.

"पोरगा म्हनते तं मी पेलो असंन. खाणीत लोकं पेत. मी काही वरून उतरलो नव्हतो. ते मी माह्या अंगावर घेतो." त्यांनी घसा साफ केला. "पन इंदूले मी कधी मारलं नाही. तिच्या अंगाले बोट लावलं नाही. हे मातर सगळ्याइनं ध्यानात ठेवा."

आमेन कुणी म्हटलं नाही. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. मागून कुजबुज आली, "ते कोनीच कबूल करत नाही वं." धावजींनी दुसरा रुमाल काढला आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "काही गोष्टी ओठावर यायला वेळ लागतो, भाऊ. प्रभू घाई करत नाही."

त्या दिवशी कार्डं कमी पडली. बाया रोज स्वयंपाकाच्या आधी ज्वारीची एक मूठ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात, ती वर्षभराची मूठ त्यांनी सुनीलच्या नावानं लावून दिली. आधार पुरा झाला. सुनील घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला.

निरोपाच्या उपासनेला प्रभुभोजन ठेवलं होतं. आदल्या दिवशी भाऊ मनुका धूत होते तेव्हा किसनराव आले. बसले, पाणी प्यायले, कापसाच्या भावाचं बोलले, आणि पातेल्याकडं पाहत म्हणाले, "भाऊ, तुमच्यावर कोनाचा राग नाही. उलट मान वाढला तुमचा."

"मंग?"

"दंडक हाय ना. गोविंदाले तुमीच लावलता."

"किसनराव, ह्या रसात दारू नसते. मी सोता उकळतो."

"तेच तं म्हनतो. कमजोर मानसाले उकळलेली बी आठवन देते."

भाऊंनी मनुका निथळल्या आणि पातेलं पुसून त्यांच्यासमोर ठेवलं. "फडकं राहू द्या. ते इंदूच्या लुगड्याचं हाय."

किसनराव घुटमळले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "काहून जीवाले तरास करून घेता? ते फडकं पाह्यलं का तुमाले सारं आठवन. माह्या घरी राहू द्या." आणि त्यांनी ते घडी घालून, अगदी हळुवारपणे, पातेल्यात ठेवलं आणि घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊ शेवटच्या बाकावर, गोविंदाच्या शेजारी बसले. गोविंदा सरकला. "या भाऊ. इथं पंखा बरा लागते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कुठं टोमणा आहे का ते भाऊंनी शोधलं. नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं.

प्याला बाकांवरून फिरत आला आणि शेवटच्या बाकाच्या अलीकडून परत फिरला. सुनील पुढं उभा होता, हात ठेवून त्याला पाठवायचं होतं. त्यानं प्याला वळताना पाहिला, आणि पाळक बबनरावांनी डोक्यावर हात ठेवायच्या आत तो बोलायला लागला.

"माझे वडील कधी दारू प्यायले नाहीत. माझ्या आईला त्यांनी कधी मारलं नाही. ते संध्याकाळी जिलबी आणायचे. मी खोटं बोललो. नेरपासून बोलत आलो. मला पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

शेवटच्या बाकावर भाऊंनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, मी सुटलो, पण सुनीलचं जाणं मोडलं.

बबनराव पाळकांचे डोळे भरून आले होते. "मंडळी," ते म्हणाले, "नोहा द्राक्षमद्य पिऊन तंबूत उघडा पडला होता. तेव्हा त्याच्या मुलांनी, शेम आणि याफेथ यांनी, काय केलं? पाठमोरे चालत गेले आणि बापावर पांघरूण घातलं. बापाचं उघडेपण त्यांनी पाहिलं नाही. आज आपल्या केळापुरात याफेथ उभा आहे."

मंडळी उभी राहिली. सुनील म्हणाला की तसं नाही, पाळकसाहेब, मी खरं सांगतोय. त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. जितक्या वेळा सांगितलं तितकं पांघरूण जाड होत गेलं. शेवटी धावजींनी त्याला मिठीच मारली, त्यात त्याचं तोंड बंद झालं. गोविंदा भाऊंच्या कानाशी लागून म्हणाला, "पोरगा हिऱ्यासारखा हाय भाऊ. माहे असे नाहीत."

जीप सोमवारी सकाळी यायची होती. भाऊ पहाटेच उठले होते. किसनरावांनी पातेलं नेलं, पण मनुका इथंच राहिल्या होत्या, आणि हाताला सवय. आदल्या संध्याकाळी त्यांनी त्या डब्यात भिजवल्या होत्या. आता कुस्करून चहाच्या गाळणीनं गाळल्या, उकळी दिली आणि रस स्टीलच्या गिलासांत ओतून अंगणात आणला.

"घ्या. रस्त्यानं घशाले कोरड पडते."

साधनानं घेतला, दीपानं घेतला. सुनील गिलास धरून उभा राहिला.

"बाबा, मी नाही जात. साधनाला जाऊ दे. मी एकेका गावात जातो, सांगतो."

"काल सांगतलं ना? काय झालं?"

सुनीलनं गिलास दुसऱ्या हातात घेतला.

"जा. तिकडं बाया हिची वाट पाहून राह्यल्या. ती एकटी दीपाले घेऊन कुठं पुरी पडंन? अन् परत येशीन तवा माह्यासंगं चाल. नेर, दारव्हा, सारे गावं. दोघं मिळून जिलबीचं सांगू. मी असलो तं."

"आणि तोवर? तिथं पहिल्याच रविवारी साक्ष द्यायला लावतील."

"देजो. पन माह्यं 'आधी' घेऊ नोको. मायचं तं बिलकूल नाही." भाऊंनी त्याच्या गिलासाला खालून बोट लावून तो तोंडाकडं ढकलला, लहानपणी औषध पाजताना ढकलायचे तसा. "तुले नव्हतं ना आधी? आता हाय. नेरपासून केळापूरपर्यंतचं. ते सांग. तुह्यं सोताचं हाय."

सुनील प्यायला. मग जीप आली, बॅगा वर चढल्या, दीपानं खिडकीतून पाणघोड्याचं काहीतरी ओरडून सांगितलं, आणि धूळ खाली बसेपर्यंत भाऊ फाटकाशी उभे राहिले.

डब्याच्या तळाशी थोडा रस उरला होता. त्यांनी तो गिलासात ओतला आणि ते निंबाखाली बसून एकेक घोट घेऊ लागले. उकळी जरा जास्त झाली होती. इंदूनं लगेच ओळखलं असतं.

किसनराव निरोप द्यायला म्हणून निघाले होते, त्यांना उशीर झाला. ते फाटकाशी आले आणि थांबले. अजून ऊन वर आलेलं नव्हतं. म्हातारा एकटाच झाडाखाली बसला होता, डोळे ओले, हातात गिलास, आणि गिलासात काळंलाल काहीतरी. किसनरावांनी नजर खाली घातली.

"या, किसनराव," भाऊ म्हणाले आणि गिलास पुढं केला. "घोटभर हाय. घ्या."

किसनरावांनी दोन्ही हात जोडले.

"नाही भाऊ," ते अतिशय प्रेमानं म्हणाले, "मी घेत नाही." आणि फाटक आवाज होऊ न देता लावून घेऊन परत गेले.